गोंधळापासून कायद्यापर्यंत : ‘वॉर’ या शब्दाची वाटचाल

(प्रस्तावना)

१९०९ च्या जून महिन्यात नाशिकच्या सत्र न्यायालयाने गणेश दामोदर सावरकर, म्हणजे बाबाराव, यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. त्यांनी कुणावर शस्त्र उगारले नव्हते. कवितांचे एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यांना भारतीय दंडसंहितेचे १२१ वे कलम लागले. राजसत्तेविरुद्ध ‘वॉर’ करणे, करू पाहणे किंवा त्याला चिथावणी देणे, असा त्या कलमातला गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ही शिक्षा कायम केली.

त्याच वर्षी त्यांचे धाकटे बंधू विनायकराव यांचे १८५७ वरचे पुस्तक हॉलंडमध्ये इंग्रजीत छापले गेले. मूळ मराठी हस्तलिखितात शब्द होता ‘स्वातंत्र्यसमर’. इंग्रजी मुखपृष्ठावर त्याचे ‘वॉर ऑफ इंडिपेन्डन्स’ झाले. पुस्तक बाहेर पडण्याआधीच सरकारने त्यावर बंदी घातली. सरकारी दफ्तरात १८५७ चे नाव ठरलेले होते : ‘म्युटिनी’. मराठीतही तोवर ‘बंड’ हाच शब्द रुळलेला होता. विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०७ साली, छापला गेला तो ‘१८५७ च्या बंडाची हकीकत’ म्हणूनच.

म्हणजे हिशेब असा झाला : दिल्ली, लखनौ, कानपूर, झाशी इथे महिनोन्‌महिने तोफा चालल्या, वेढे पडले, शहरे उजाड झाली, त्याला ‘वॉर’ म्हणायचे नाही, आणि नाशिकच्या एका गृहस्थाने प्रसिद्ध केलेल्या कवितांवरचा खटला मात्र ‘वॉर’च्या कलमाखाली चालवायचा.

याला सरकारचा दुटप्पीपणा म्हणून मोकळे होता येते, आणि तो होताच. पण दुटप्पीपणालाही काही आधार लागतो, आणि इथे तो आधार शब्दाच्या पोटातच आहे. ‘वॉर’ या शब्दाला कायद्याच्या दोन शाखा फुटल्या आहेत. एका शाखेत वॉर हा राज्याराज्यांमधला व्यवहार आहे. त्याला जाहीरनामा असतो, नियम असतात, शेवटी तह असतो. दुसऱ्या शाखेत तो प्रजेने राजाविरुद्ध केलेला गुन्हा आहे. त्याला फक्त शिक्षा असते. १८५७ ला ‘वॉर’ म्हटले असते तर लढणारे पहिल्या शाखेवर जाऊन बसले असते, समोरासमोरचा पक्ष झाले असते. बाबारावांना ‘वॉर’चे कलम लावले ते दुसऱ्या शाखेवरून. शब्द तोच होता, पण एकीकडे त्याने प्रतिष्ठा मिळाली असती, तर दुसरीकडे त्याने अंदमान दाखवले.

प्रस्तुत पुस्तक या एका शब्दाचे चरित्र आहे. ‘वॉर’ हा शब्द मुळात घोळ, गुंता, गडबड अशा अर्थाचा होता. पुढच्या नऊशे वर्षांत त्याला इतका काटेकोर कायदेशीर अर्थ चिकटला, की आता लढाईला तोंड लावणारे सत्ताधीशच तो उच्चारायला बिचकतात, आणि ज्यांच्या लढ्याला कुणी मोजत नाही ते तो मिळवण्यासाठी धडपडतात. शब्दाभोवती चाललेली ही ओढाताण हाच या पुस्तकाचा खरा विषय आहे. पुढच्या प्रकरणांत येणाऱ्या गोष्टींचा धागा वाचकाच्या हाती आधीच असावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा ऐसपैस लिहीत आहे.

आधी कुळकथा. ‘वॉर’ हा इंग्रजीचा घरचा शब्द नाही. रोमन साम्राज्य ढासळत असताना ऱ्हाइन नदीच्या परिसरातून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, शिरलेल्या फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीत तो ‘वेर्रा’ अशा रूपात असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मांडतात. फ्रँकांची बोली लिखाणात फारशी उरलेली नाही. पण तिची बहीण असलेल्या जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘वेर्रा’ सापडतो आणि त्याचा अर्थ गोंधळ, कलह असा आहे. आजच्या जर्मनमध्येही ‘विर’ म्हणजे गोंधळलेला आणि ‘फेरविरेन’ म्हणजे गोंधळात पाडणे. युद्धाला जर्मन माणूस ‘क्रीग’ म्हणतो. ‘वेर्रा’चे वंशज त्याच्याकडे अजून गुंत्याचेच काम करतात. इंग्रजीतला ‘वर्स’, म्हणजे अधिक वाईट, हाही याच कुळातला असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

इथे एक प्रश्न उभा राहतो. लॅटिनमध्ये युद्धासाठी ‘बेल्लुम’ हा उत्तम शब्द होता. सीझरपासून सिसेरोपर्यंत सगळ्यांनी तो वापरला. तरीही लॅटिनच्या लेकी असलेल्या फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियन या भाषांनी तो टाकून दिला आणि जिंकायला आलेल्या परक्यांचा ‘गेर’, ‘गेर्रा’, ‘ग्वेर्रा’ उचलला. ‘बेल्लुम’ आणि सुंदर या अर्थाचा ‘बेल्लुस’ यांचे उच्चार जवळजवळ आल्याने पंचाईत झाली, असे एक जुने स्पष्टीकरण आहे. ते सर्वांना पटत नाही, आणि एवढ्यावरून एखादा शब्द मरेल असे मलाही वाटत नाही. रोमन सैन्याची शिस्तबद्ध मोहीम लोकांच्या डोळ्यांसमोरून गेली होती. समोर होत्या त्या टोळ्यांच्या चकमकी, लूट, भाऊबंदकी. जे दिसत होते त्याला ‘बेल्लुम’पेक्षा ‘वेर्रा’ अधिक शोभत होते, असे मला वाटते. हा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

‘बेल्लुम’ अगदीच नाहीसा झाला नाही. त्याचे जुने रूप ‘दुएल्लुम’. मध्ययुगीन पंडितांनी त्यात ‘दुओ’ म्हणजे दोन ऐकले आणि त्यातून दोघांचे द्वंद्व, म्हणजे ‘ड्युएल’, निघाले. ‘रेबेल’ही याच घरातला. रोमनांच्या दृष्टीने ‘रेबेल’ म्हणजे एकदा जिंकले गेल्यावर पुन्हा युद्धाला उभा राहणारा. या शब्दात अजून ‘युद्ध’ शिल्लक आहे, समोरच्याची गणती शत्रूत आहे. पुढे राजसत्ता पक्की झाली तसा ‘रेबेल’ शत्रूच्या जागेवरून घसरून गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात गेला.

आता इंग्लंड. १०६६ साली नॉर्मन सरदार फ्रेंच बोलत तिथे उतरले. त्यांची फ्रेंच पॅरिसची नव्हती. पॅरिसकडे जर्मानिक शब्दांतल्या ‘व’चा ‘ग’ झाला होता; उत्तरेकडे ‘व’ टिकून होता. म्हणून पॅरिसचा ‘गेर’ आणि नॉर्मनांचा ‘वेर्र’. पुढे पॅरिसची फ्रेंचही इंग्लंडात पोचली आणि कित्येक शब्द दोनदा आले : ‘वॉर्डन’ आणि ‘गार्डियन’, ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’, ‘रिवॉर्ड’ आणि ‘रिगार्ड’. दुकानदार आपल्याला ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ यांतला फरक तावातावाने समजावतो; मुळात तो फ्रान्सच्या दोन प्रांतांच्या उच्चारांतला फरक आहे.

पीटरबरोच्या मठात एक बखर वर्षावर्षाने लिहिली जात होती. बाकीचे मठ लॅटिनकडे वळल्यावरही इथले भिक्षू इंग्रजीत लिहीत राहिले. इंग्रजीत हा शब्द ज्या सर्वांत जुन्या लिखाणांत भेटतो त्यांतले हे एक. ११४० सालच्या नोंदीत राजा स्टीफन आणि चेस्टरचा अर्ल रँडॉल्फ यांच्यात मोठे ‘वेर्र’ माजल्याचे भिक्षू लिहितो. आजचे ‘डब्ल्यू’ हे अक्षर त्याच्या लेखणीत नव्हते, म्हणून त्याने दोन ‘यू’ शेजारी शेजारी काढले. ज्या कलहाची ही नोंद आहे त्याला इतिहासकारांनी पुढे ‘अ‍ॅनार्की’, म्हणजे अराजक, असे नाव दिले. १८-१९ वर्षे इंग्लंडात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. शब्द आला तो आपल्या मूळ अर्थासकट आला, असे म्हणायला हरकत नाही.

या अराजकातली दुसरी बाजू सम्राज्ञी मटिल्डा हिची. तिच्या नावाचे दोन तुकडे केले तर पहिला ‘माह्ट’, म्हणजे सामर्थ्य, आणि दुसरा ‘हिल्ड’, म्हणजे लढाई. तिची आई स्कॉटलंडची राजकन्या. तिचे माहेरचे नाव ईडिथ. त्यातले ‘ईड’ म्हणजे समृद्धी आणि ‘गिथ’ म्हणजे पुन्हा युद्धच. लग्नानंतर ईडिथचीही मटिल्डा झाली. जुन्या इंग्रजीत युद्धाला शब्दांचा तोटा नव्हता : ‘विग’, ‘गूथ’, ‘हिल्ड’, ‘बेआदु’, शिवाय झगडा या अर्थी ‘गेविन’ आणि शांततेचा अभाव या अर्थी ‘उनफ्रिथ’. यांतला एकही शब्द युद्ध या अर्थाने आज जिवंत नाही. ‘गेविन’चा ‘विन’ झाला, त्याच्यात झगडा संपून फक्त जिंकणे उरले. बाकीचे मुलामुलींच्या नावांत दडून बसले. एखादी म्हातारी हिल्डा इंग्लंडच्या खेड्यात स्वेटर विणत बसलेली असते, आणि तिच्या नावाचा अर्थ लढाई आहे हे तिच्या घरात कुणाला ठाऊक नसते.

युद्धाच्या शब्दसंग्रहात एक वाटणीही दिसते. तलवार, भाला, धनुष्य, बाण, ढाल यांची इंग्रजी नावे जुनीच राहिली. सैन्य, वेढा, कप्तान, शत्रू, तह, एवढेच काय शांतता, यांना मात्र फ्रेंच शब्द आले. हातात शस्त्र धरणाऱ्याची भाषा एक आणि हुकूम सोडणाऱ्याची दुसरी. मराठी वाचकाला हे परके वाटायला नको. आपल्याकडेही भाला, ढाल, तलवार देशी राहिले आणि फौज, लष्कर, सरदार, मोहीम, किल्ला, तोफ हे फारसी-अरबी-तुर्कीच्या वाटेने आले. फरक इतकाच, की इथे शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेऊन ही वाटणी मोडण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न केला. इंग्लंडात तसे कुणी केले नाही.

घोळाचा शब्द कायद्याचा झाला कसा, हे पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आहे, आणि मला सर्वांत जास्त वेळ त्यानेच खाल्ला. दोन शाखांपैकी गुन्ह्याची शाखा आधी फुटली. १३५१ साली तिसऱ्या एडवर्डच्या काळात राजद्रोहाचा कायदा झाला. तो कायदेपंडितांच्या फ्रेंचमध्ये आहे आणि त्यात राजाच्या मुलखात राजाविरुद्ध ‘गेर’ उभारणे हा राजद्रोह ठरवला आहे. त्याआधी सरदाराने राजाशी उघड वैर पुकारून लढणे ही जवळजवळ मान्य रीत होती. या कायद्याने ती रीत गुन्हा झाली. त्याचा इंग्रजी अनुवाद पुढे अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या देशद्रोहाच्या व्याख्येत गेला. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये केलेल्या मसुद्यावरून १८६० साली भारतीय दंडसंहिता झाली, तिच्या १२१ व्या कलमातही तीच कल्पना उतरली. आज ती भारतीय न्याय संहितेच्या १४७ व्या कलमात नांदते आहे. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाला या शब्दाचा कीस काढावा लागला आणि त्यात असे ठरले, की या कलमातले युद्ध आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या युद्धाच्या मापाने मोजायचे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यातल्या आरोपीची फाशी २०१२ साली कायम झाली, तेव्हा त्याच्या गुन्ह्यांत देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हाही होता.

या कलमात ‘वॉर’च्या आधी ‘वेज’ हे क्रियापद येते. ‘वेज’ म्हणजे मुळात तारण, वचन. पगाराचे ‘वेजेस’ त्यातूनच आले आणि लग्नाचे ‘वेडिंग’ही त्याच कुळातले. ‘वेज वॉर’ म्हणजे युद्धासाठी काहीतरी पणाला लावणे. आपल्याकडे विडा उचलतात तसे.

दुसरी शाखा विद्वानांनी जोपासली. १६२५ साली ह्यूगो ग्रोशियस या डच कायदेपंडिताचा युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावरचा लॅटिन ग्रंथ निघाला. सिसेरोने युद्ध म्हणजे बळाने केलेला झगडा असे म्हटले होते. ग्रोशियसने त्यात लहानसा वाटणारा बदल केला : युद्ध ही कृती नाही, अवस्था आहे. १६५१ मध्ये हॉब्जनेही ‘लेव्हायथन’मध्ये तेच वेगळ्या अंगाने सांगितले, की प्रत्यक्ष मारामारी चालू नसली तरी लढण्याची ठाम तयारी असेल तेवढा सगळा काळ युद्धाचाच. कृतीला फक्त वेळ लागतो, अवस्थेला आरंभ आणि अंत लागतो. आरंभ म्हटला की तो कुणीतरी जाहीर करायला हवा. १९०७ च्या हेग करारात तर राष्ट्रांनी पूर्वसूचना दिल्याशिवाय लढाई सुरू करायची नाही असे लिहूनच टाकले. गोंधळाचा शब्द इथे सरकारी शिक्क्याचा झाला.

शिक्का आला की तो चुकवणारेही आले. १९२८ साली पॅरिसमध्ये केलॉग-ब्रियाँ करार झाला आणि सह्या करणाऱ्या राष्ट्रांनी राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून ‘वॉर’चा त्याग केला. त्यांत जपान होता. १९३१ साली जपानने मांचुरिया घेतला आणि त्याला ‘घटना’ म्हटले. १९३७ पासून चीनमध्ये लाखो माणसे मेली, तेव्हाही जपानच्या कागदोपत्री ती ‘चीन घटना’ होती. चीननेही युद्ध जाहीर केले नाही. कारण रोकडे होते. अमेरिकेच्या तटस्थतेच्या कायद्याप्रमाणे युद्ध आहे असे ठरले तर शस्त्रांची विक्री थांबणार होती, आणि बाहेरून येणारा माल दोघांनाही हवा होता. चीनने जपानविरुद्ध युद्ध पुकारले ते पर्ल हार्बरनंतर, ९ डिसेंबर १९४१ ला. साडेचार वर्षे दोन देश जिवावर उदार होऊन लढत होते, आणि एका शब्दाला हात न लावण्यावर मात्र त्यांचे एकमत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर शब्द आणखी मागे सरला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या उद्देशिकेत ‘वॉर’ आहे. पण जिथे प्रत्यक्ष बंदी घातली आहे त्या कलमात ‘बळाचा वापर किंवा धमकी’ अशी शब्दयोजना आहे. १९४९ च्या जिनीव्हा करारांनी जाहीर केलेल्या युद्धाच्या जोडीला ‘अन्य कोणताही सशस्त्र संघर्ष’ घातला, म्हणजे नाव बदलून जखमी आणि कैद्यांच्या हक्कांतून कुणाला सुटता येऊ नये. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की ‘वॉर’ न म्हणण्याची सोय राजकारण्यांना आयतीच मिळाली. कोरियात अमेरिकी फौज उतरत असताना, जून १९५० मध्ये, एका वार्ताहराने ट्रूमन यांना विचारले, की याला संयुक्त राष्ट्रांखालची पोलिसी कारवाई म्हणता येईल का. त्यांनी होकार दिला. त्या पोलिसी कारवाईत पुढे तीन वर्षे गेली. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर चढाई केली ती ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हणून. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात तिथे सैन्याविषयी ‘खोटी’ माहिती पसरवणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा झाला आणि रशियन वर्तमानपत्रांतून युद्ध हा साधा शब्द हद्दपार झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खुद्द पुतिन यांच्या तोंडून तो जाहीरपणे निघून गेला.

सरकारांखेरीज आणखी एक जमात या शब्दाकडे डोळ्यांत तेल घालून पाहत असते : विमा कंपन्या. वाचकाने आपल्या घराची किंवा दुकानाची आगीची पॉलिसी काढून बारीक अक्षरातली वगळणुकीची यादी पाहावी. युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृती, युद्धसदृश हालचाली (युद्ध जाहीर झालेले असो वा नसो), यादवी, बंड, उठाव, क्रांती, बळकावलेली सत्ता : असा तो सगळा वंशवृक्ष एका वाक्यात उभा असतो. राजनैतिक मंडळी शब्द चुकवतात म्हणून विमावाल्यांनी कंसातले ते चार-पाच शब्द घालून ठेवले आहेत. या यादीवरून कोर्टात जी भांडणे झाली ती शब्दकोशातल्या कोणत्याही नोंदीपेक्षा उद्‌बोधक आहेत.

६ सप्टेंबर १९७० रोजी पॅन अ‍ॅम कंपनीचे अ‍ॅमस्टरडॅमहून न्यूयॉर्कला निघालेले जंबो विमान पॅलेस्टिनी अपहरणकर्त्यांनी पळवले. ते आधी बैरूतला आणि मग कैरोला नेले. प्रवासी उतरल्याबरोबर ते उडवून देण्यात आले. विमानाची किंमत सुमारे २.४ कोटी डॉलर. नेहमीच्या विमा कंपन्या म्हणाल्या, हे युद्ध आहे, आम्ही देणे लागत नाही. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९७४ साली निकाल दिला, की युद्ध सरकारांमध्ये होते, किंवा निदान सार्वभौमत्वाची ठळक लक्षणे असणाऱ्या सत्तांमध्ये होते. अपहरण करणाऱ्या गटाला ते लागू नाही. कंपन्यांना पैसे मोजावे लागले. २०१७ साली ‘नॉटपेट्या’ या संगणकी हल्ल्यात मर्क या औषध कंपनीचे मोठे नुकसान झाले. दावा सुमारे १४० कोटी डॉलरचा होता. हल्ल्यामागे रशियन लष्कर आहे, तेव्हा हे युद्धच, असा विमावाल्यांचा बचाव होता. २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने तोही फेटाळला. ग्रोशियसने चारशे वर्षांपूर्वी आखलेली रेघ आज संगणकातल्या विषाणूला लावून पाहावी लागते आहे.

आता या शब्दाचे एक अपत्य, ज्याचा आपल्याशी थेट संबंध आहे : ‘गेरिला’. स्पॅनिशमध्ये ‘गेर्रा’ म्हणजे युद्ध, त्याचे लहानखुरे रूप ‘गेरिया’, म्हणजे छोटेसे युद्ध. १८०८ पासून नेपोलियनच्या फौजांना स्पेनमधल्या खेड्यापाड्यांतल्या टोळ्यांनी सळो की पळो करून सोडले, तेव्हा हा शब्द इंग्रजीत शिरला. तो शिरला त्याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक १८०९ सालची, आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारातली आहे. हा वेलस्ली आपल्याला चांगला ठाऊक आहे. सहाच वर्षांपूर्वी, १८०३ च्या ऑगस्टमध्ये, त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला होता. २३ सप्टेंबरला आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली होती. डिसेंबरात गाविलगड पडला होता. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत मराठी घोडदळाच्या चपळ हालचालींना ‘प्रेडेटरी’, म्हणजे लुटारू, असे विशेषण सर्रास लागते. अचानक तुटून पडणे, रसद तोडणे, उघड्या मैदानात सापडायचे नाही, हे सगळे स्पेनमध्ये दोस्तांनी केले तेव्हा त्याला ‘छोटे युद्ध’ अशी अदबीची जागा मिळाली.

आपला ‘गनिमी कावा’ही याच तऱ्हेने घडलेला आहे. ‘गनीम’ अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ लूट मिळवणारा, पुढे शत्रू. मोगलांच्या लेखी मराठे गनीम. घोड्याला गोल फिरवण्याची चाल म्हणजे ‘कावा’. शत्रूने दिलेली शिवी मराठ्यांनी आपल्या युद्धनीतीचे नाव म्हणून मिरवली. कुणी हिणवायला दिलेला शब्द पदकासारखा छातीवर लावण्याचे असे प्रसंग फार नाहीत.

रूपकांविषयी पुस्तकात एकच आटोपशीर प्रकरण आहे. गरिबीविरुद्ध (१९६४), अमली पदार्थांविरुद्ध (१९७१), दहशतवादाविरुद्ध (२००१) अशी युद्धे अमेरिकी अध्यक्षांनी पुकारली. त्यांत शत्रूचा शरण येण्याचा प्रश्नच नसल्याने तहाची तारीख कधी येत नाही. ‘कोल्ड वॉर’ची गोष्ट याहून भारदस्त आहे. जॉर्ज ऑर्वेलने ऑक्टोबर १९४५ मध्ये अणुबॉम्बवरच्या लेखात तो शब्दप्रयोग केला आणि १९४७ साली वॉल्टर लिपमनच्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. हॉब्जने सांगितलेली न लढता चालणारी युद्धाची अवस्था प्रत्यक्षात कशी दिसते, हे त्यानंतर जगाने चार दशके पाहिले.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मी भाषेच्या वाटेने कायद्याच्या दारात आलेला माणूस आहे. खटल्यांचे विवेचन वकिलाच्या तयारीने केलेले नाही. लढायांची वर्णने जवळजवळ नाहीत. ज्याला आसई किंवा वॉटर्लू वाचायची आहे त्याने दुसरीकडे जावे. व्युत्पत्तीचा मोह आवरला आहे. ‘वॉर’शी नाद जुळणारे सगळे शब्द त्याचे नातलग नसतात : ‘वॉरियर’ आहे, ‘वॉरलॉक’ नाही. चेटक्या या अर्थाचा हा शब्द जुन्या इंग्रजीत वचन मोडणारा असा होता. जिथे अभ्यासकांत दुमत आहे तिथे तसे लिहिले आहे, आणि जिथे नुसता तर्क आहे तिथे तो माझ्या नावावर ठेवला आहे.

मजकूर हातावेगळा करत असतानाच या चरित्राला एक नवे पान जोडले गेले. अमेरिकेत १७८९ पासून ‘डिपार्टमेंट ऑफ वॉर’ नावाचे खाते होते. १९४७ साली त्याची जुनी रचना मोडली आणि १९४९ पासून नव्या खात्याला ‘डिफेन्स’ हे सौम्य नाव मिळाले. ब्रिटननेही १९६४ मध्ये आपले ‘वॉर ऑफिस’ संरक्षण मंत्रालयात विलीन करून टाकले. ५ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढून ‘डिपार्टमेंट ऑफ वॉर’ हे दुय्यम नाव म्हणून पुन्हा वापरात आणले. कायद्यातले नाव बदलायचे तर त्यासाठी काँग्रेसचीच संमती लागते. युद्ध जाहीर करण्याचा अधिकारही घटनेने काँग्रेसलाच दिला आहे, आणि तो तिने शेवटचा वापरला जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. तेव्हापासून कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान एवढे होऊनही युद्ध जाहीर करणारा एकही ठराव काँग्रेसने मंजूर केलेला नाही. पाटीवर लिहायला तो आता कुणाला जड जात नाही. ठरावात तो मंजूर करण्याची मात्र आठ दशकांत काँग्रेसची छाती झालेली नाही.